पाठमोरी

लिंझच्या दैनिकात रात्रपाळीला मी पानं लावतो.
बातमी माझी नसते, मथळा माझा नसतो,
रिकामी राहिलेली चौकट तेवढी माझी.

संग्रहातला फोटो क्रमांक ४४७१:
करडा कोट, डोक्याला तपकिरी रुमाल,
मनगटाला अडकवलेली कांद्याच्या पातीची पिशवी,
पुढे बाबागाडी.
बाई पाठमोरी.
चेहरा नाही, म्हणून परवानगी लागत नाही.
चेहरा नाही, म्हणून कुठेही बसते.

घरभाडी वाढली: ४४७१.
शाळेत मुलांचं जर्मन कच्चं: ४४७१.
दोन देश पलीकडे कुणा पोराने सुरा चालवला,
त्याचा फोटो हाती आला नव्हता,
साडेअकराला पान सोडायचं होतं.
४४७१.
खाली बारीक अक्षरांत ‘प्रातिनिधिक छायाचित्र’.
कुणाची प्रतिनिधी, ते राइनहोल्डने विचारलं नाही,
मीही नाही.
तिला तर कुणी मतही दिलेलं नव्हतं.

निवडणूक आली तशी ती भिंतींवर चढली,
पुलाच्या खांबांवर, ट्रामच्या कुशीवर.
पक्षाने फोटो रीतसर विकत घेतला,
पावती आमच्याच हिशेबखात्याची.
कोट त्यांनी जरा काळा केला,
रस्ता जरा ओला,
बाबागाडी कापून टाकली.
वर एक ओळ: आपलं गाव आपलं राहू दे.

आई तेव्हा शुश्रूषागृहात, तिसऱ्या मजल्यावर.
खिडकीत डॅन्यूब, पण खुर्ची टीव्हीकडे वळवलेली.
पडद्यावर चार माणसं कडाकडा भांडत,
चौघंही त्या बाईबद्दल, ती सोडून.
आई म्हणायची,
‘ह्या आल्यापासून मी रात्री कडी दोनदा बघते.’
आणि हात मेव्लिदाच्या हातात,
जी तिची नखं कापत होती
एकेक बोट कोमट पाण्यात भिजवून.
‘ही तशी नाही हं,’ आई मला म्हणाली,
‘ही आपली मेव्लिदा.’
मेव्लिदाने करंगळीचं नख
फार जपून कापलं.

एरवी मी तिच्याआधी निघायचो.
त्या संध्याकाळी रेंगाळलो.
निळ्या गणवेशावर तिने
खुंटीवरचा करडा कोट चढवला, बाह्या झिजलेला,
‘उद्या येते’ म्हणाली
आणि लांब बोळातून लिफ्टकडे चालू लागली.

डावा खांदा किंचित खाली.

तो खांदा मी अकरा वर्षं ओळखतो.
शंभरदा कातरलाय, दोन कॉलमांत कोंबलाय,
गाद्यांच्या जाहिरातीला जागा हवी म्हणून
अर्धा केलाय.
पाठीमागे बोलू नये म्हणतात माणसाच्या.
आम्ही तिच्या पाठीलाच बोलायला लावलं,
आणि जे बोलली
ते तिचं एकही वाक्य नव्हतं.

धावलो. लिफ्टच्या दारात हात घातला.
‘तो फोटो...’ एवढंच निघालं तोंडातून.
‘हो,’ ती म्हणाली.
‘पहिल्या पगाराचा दिवस होता. पात स्वस्त मिळालेली.
गाडीत एनिस. आता सातवीत आहे.
पुलावरचं पोस्टर त्यानेच ओळखलं.
विचारत होता,
आई, मला का कापलं?’
दार दोनदा मिटत आलं,
दोनदा माझ्या हाताला लागून मागे सरलं.
तिसऱ्यांदा मी हात काढला.

त्या रात्री ४४७१ पुसून टाकला.
सोपं असतं. यंत्र एकदाच विचारतं, नक्की ना?

अकरा वाजून एकवीस मिनिटांनी राइनहोल्ड ओरडला,
तीन नंबरच्या पानावर भोक आहे.
शोधायच्या चौकटीत बोटांनी सवयीने
तोच शब्द टाकला.
४४७२ आला.
तोच रस्ता, तीच पिशवी.
फोटोवाल्याने कळ दोनदा दाबली होती.
ह्यात ती मागे वळतेय, कुणीतरी हाक मारल्यासारखी.
अर्धा गाल, एक डोळा,
ओठांवर सुरू होऊ घातलेलं काहीतरी.

‘चेहरा दिसतोय,’ मी म्हणालो.

‘मग कातर,’ तो म्हणाला,
घड्याळाकडे बघत.